समुद्र नसलेल्या गावातून समुद्राचं यंत्र: प्राध्यापक आणि कारखानदार एकत्र आले की काय होतं?



आपल्या प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा वर्कशॉपवाला असतो. दोन लेथ, एक मिलिंग, चार-पाच कामगार. तो म्हणतो, "सर, काम आहे, पण सगळं जॉबवर्क. ड्रॉइंग दुसऱ्याचं, मटेरियल दुसऱ्याचं, रेटही दुसराच ठरवतो. स्वतःचं प्रॉडक्ट आणायचंय. पण रिसर्च करायला माझ्याकडे ना पैसा, ना शिक्षण. काय करू?"

आज या प्रश्नाचं उत्तर देतो, पण थोडं लांबून. अमेरिकेत मोंटाना नावाचं डोंगराळ राज्य आहे. तिथलं मिसूला हे एक छोटं शहर. तिथून पॅसिफिक महासागराचा किनारा सातशे किलोमीटरहून लांब. आपल्या भाषेत सांगायचं तर समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईपर्यंत जेवढा आहे, साधारण तेवढं अंतर. अशा ठिकाणची एक छोटी कंपनी समुद्राच्या पाण्याची आम्लता मोजणारं यंत्र बनवते. २०१५ साली एका जागतिक स्पर्धेत या कंपनीने दोन्ही विभागांत पहिला नंबर मिळवला. बक्षीस किती? एकूण १५ लाख डॉलर.

कंपनीचं नाव सनबर्स्ट सेन्सर्स. आता मला सांगा, जिथे समुद्रच नाही तिथे समुद्राचं यंत्र कसं तयार झालं? कारण तिथे दोन माणसं होती. एक विद्यापीठातला केमिस्ट्रीचा प्राध्यापक आणि एक इंजिनीअर. पण त्यांची गोष्ट नीट समजायची असेल तर आधी ग्राहक बघायला हवा. कारण धंदा ग्राहकापासून सुरू होतो, यंत्रापासून नाही. हे मी तुम्हाला नेहमी सांगतो.

आधी गरज बघा: कालवं मरत होती

अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्यात नेटार्ट्स नावाची खाडी आहे. तिथे व्हिस्की क्रीक नावाची कालवांची हॅचरी आहे. आपल्याकडे कोळंबीची हॅचरी असते ना, तशीच. टाक्यांमध्ये कालवांची सूक्ष्म पिल्लं वाढवायची आणि कालवं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना बीज म्हणून विकायची.

२००७-०८ च्या सुमारास या टाक्यांमधली पिल्लं मोठ्या प्रमाणावर मरायला लागली. विचार करा, हॅचरीचं बीज गेलं म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या शेतकऱ्यांचा पुढचा हंगाम गेला. आधी संशय जंतूंवर गेला. पाणी निर्जंतुक करायची व्यवस्था झाली. तरी मरतूक थांबेना.

मग ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचे समुद्रशास्त्रज्ञ बर्क हेल्स आणि हॅचरीतले ॲलन बार्टन यांनी एकत्र बसून टाकीत येणाऱ्या पाण्याचं रसायन सतत मोजायला सुरुवात केली. उत्तर सापडलं. उत्तरेकडचा वारा जोरात वाहिला की समुद्राच्या तळाकडचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साईड जास्त असतो, म्हणून ते जास्त आम्लधर्मी असतं. अशा पाण्यात पिल्लांना आपलं कवचच नीट बांधता येत नव्हतं. कवच नाही, म्हणजे पिल्लू नाही.

आता उपाय बघा किती साधा निघाला. खाडीतल्या पाणवनस्पती दिवसभर सूर्यप्रकाशात कार्बन डायऑक्साईड शोषून घेतात, त्यामुळे दुपारनंतरचं पाणी सकाळच्या पाण्यापेक्षा चांगलं असतं. म्हणून टाक्या भरायची वेळ बदलली. आणि पाणी वाईट असेल तेव्हा त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मोजून घालायला सुरुवात केली. हॅचरी सावरली. २०१२ साली या सगळ्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात हॅचरीचा माणूस लेखक म्हणून पहिला आहे.

इथे थांबून एक गोष्ट वहीत लिहून घ्या. उपाय स्वस्त होता, सोडा बाजारात मिळत होता, घड्याळ भिंतीवर होतं. कमी होती ती मोजण्याची. मोजता आलं, तेव्हा धंदा वाचला. सेन्सर विकणारा खरं म्हणजे यंत्र विकत नाही. समोरच्याला योग्य वेळी योग्य निर्णय घेता यावा म्हणून लागणारा आकडा तो विकतो.

मोजणं इतकं अवघड का?

तुम्ही म्हणाल, पीएच मोजायचं मीटर तर लॅबच्या दुकानात मिळतं. खरंय. पण समुद्रातलं गणित वेगळं आहे.

समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी साधारण ८.१ पीएचचं असतं. कारखानदारी सुरू झाल्यापासून आजपर्यंत त्यात सरासरी ०.१ एवढीच घट झालेली आहे. आकडा छोटा वाटतो, पण पीएचचं माप दहाच्या पटीत चालतं. त्यामुळे ही ०.१ ची घट म्हणजे आम्लतेत २५ ते ३० टक्क्यांची वाढ. हा बदल वर्षानुवर्षांचा, हळूहळू होणारा. तो पकडायचा तर मीटरला दशांशानंतरच्या तिसऱ्या घरापर्यंत विश्वासार्ह राहावं लागतं. नेहमीच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा आकडा काही दिवसांनी सरकायला लागतो. प्रयोगशाळेत आपण तो रोज तपासून पुन्हा जुळवून घेतो. समुद्राच्या मध्यावर बोयाला बांधलेल्या मीटरला रोज कोण जुळवून देणार?

त्यात मीठ आहे, दाब आहे. तीन हजार मीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे ३०० किलोचा भार येतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन किलोच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. शिवाय शेवाळ आणि समुद्री किडे यंत्रावर घर करतात. बॅटरी महिनोन्महिने पुरली पाहिजे. म्हणजे रसायनशास्त्र एका बाजूला आणि ओरिंग, बॅटरी, पंप, बॉडी हे सगळं दुसऱ्या बाजूला. एका माणसाला हे दोन्ही येणं जवळजवळ अशक्य. भागीदारीची गरज नेमकी इथे तयार होते.

मिसूलाची जोडी

मायकेल डीग्रँडप्रे हे रसायनशास्त्रज्ञ. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वुड्स होल या प्रसिद्ध समुद्रविज्ञान संस्थेत काम करत होते. तिथे त्यांनी रंगाच्या मदतीने पाण्यातला कार्बन डायऑक्साईड मोजायची पद्धत बसवली. १९९३ आणि १९९५ साली त्यावर शोधनिबंध आले. पुढे ते मोंटाना विद्यापीठात प्राध्यापक झाले.

पद्धत समजून घ्या, शाळेत केलेला लिटमसचा प्रयोग आठवा. त्याचाच हा खूप शिकलेला भाऊ. पीएच मोजण्यासाठी मेटा-क्रेसॉल पर्पल नावाचं रंगद्रव्य वापरतात. पाणी आम्लाकडे झुकलं तर ते पिवळं होतं, अल्काकडे झुकलं तर जांभळं. यंत्रातला छोटा पंप थोडं समुद्राचं पाणी आत ओढतो, त्यात रंगाचा थेंब मिसळतो आणि त्यातून प्रकाश सोडतो. ४३४ आणि ५७८ नॅनोमीटर अशा दोन ठिकाणी किती प्रकाश शोषला गेला ते मोजायचं, त्यांचं गुणोत्तर काढायचं, की पीएच मिळाला. इथे भरवसा इलेक्ट्रोडच्या तब्येतीवर ठेवायचा नसतो. तो रंगद्रव्याच्या ठरलेल्या रासायनिक गुणावर असतो. म्हणून आकडा सरकत नाही.

१९९९ साली डीग्रँडप्रे आणि इंजिनीअर जेम्स बेक यांनी मिळून सनबर्स्ट सेन्सर्स सुरू केली. प्राध्यापक विद्यापीठातच राहिले. विद्यार्थी घडवत राहिले, शोधनिबंध लिहीत राहिले. कंपनी बेक यांनी चालवली. २००३ साली पीएच मोजणाऱ्या पाण्याखालच्या यंत्रावरचा शोधनिबंध याच विद्यापीठातून आला.

तारखा मुद्दाम सांगितल्या. पहिला निबंध १९९३, कंपनी १९९९, मोठं बक्षीस २०१५. म्हणजे पद्धत कागदावर आल्यापासून टाळ्या मिळेपर्यंत बावीस वर्षं. "सहा महिन्यांत स्वतःचा ब्रँड" असं सांगणारे कोर्स विकत घेताना हा आकडा लक्षात ठेवा. मधली वर्षं यंत्रं विकून, दुरुस्त करून, पुन्हा सुधारून काढावी लागतात.

आणखी एक धंद्याची गोष्ट. या यंत्रात रंगद्रव्य संपतं, ते पुन्हा भरावं लागतं. ते शुद्धही असावं लागतं, नाहीतर आकडा चुकतो. पंप झिजतो, बॅटरी बदलावी लागते. म्हणजे यंत्र एकदा विकलं तरी ग्राहक पुन्हा येतोच. वॉटर प्युरिफायरवाला फिल्टरवर आणि सर्व्हिसवर कमावतो, हे तुम्ही बघितलंय. तत्त्व तेच.

स्पर्धा: परीक्षा प्रयोगशाळेत नाही, पाण्यात

सप्टेंबर २०१३ मध्ये एक्सप्राईझ या संस्थेने २० लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. समुद्राचा पीएच मोजणारा सेन्सर बनवा. दोन विभाग: एक सगळ्यात अचूक, दुसरा स्वस्त आणि वापरायला सोपा. परीक्षेचे टप्पे बघा. आधी प्रयोगशाळा. मग सिॲटलच्या मत्स्यालयात किनाऱ्यावरच्या पाण्याची परीक्षा. शेवटी मे २०१५ मध्ये हवाईजवळ जहाजावरून थेट तीन हजार मीटर खोल समुद्रात.

सनबर्स्टने दोन वेगळी यंत्रं उतरवली. स्वस्त विभागासाठी एक आणि खोल पाण्यासाठी टायटॅनियमच्या बॉडीतलं दुसरं. दोन्हीत पहिला नंबर, प्रत्येकी साडेसात लाख डॉलर. पद्धत एकच, पण दोन ग्राहकांसाठी दोन प्रॉडक्ट. हेही वहीत लिहा.

अचूकतेत दुसरा नंबर कोणाचा, ते तर जास्त गमतीचं आहे. ड्युराफेट नावाचा एक पीएच सेन्सर हनीवेल कंपनी आधीपासून कारखान्यांसाठी बनवत होती. समुद्राशी त्याचा काही संबंध नव्हता. २०१० साली संशोधकांनी तो समुद्राच्या पाण्यात चालतो का ते तपासलं आणि तो उत्तम चालला. ते तपासणाऱ्यांत टॉड मार्ट्झ हे एक होते. हे मार्ट्झ म्हणजे मोंटानाच्या डीग्रँडप्रे यांचेच विद्यार्थी! पुढे कंपनी आणि संशोधन संस्था एकत्र येऊन त्या तंत्राचं खोल समुद्रात चालणारं रूप तयार झालं. २०२० मध्ये अमेरिकी सरकारच्या विज्ञान संस्थेने समुद्राचं रसायन मोजणारे ५०० तरंगते रोबो जगभर सोडण्यासाठी ५.३ कोटी डॉलर मंजूर केले. त्या रोबोंवर पीएच मोजण्यासाठी याच तंत्राच्या वळणाचे सेन्सर आहेत. म्हणजे दुसऱ्या नंबरालाही बाजार मिळाला.

यातून दोन रस्ते दिसतात. पहिला, विद्यापीठात पद्धत जन्मते आणि छोटी कंपनी तिचं यंत्र करते. दुसरा, कारखान्यात प्रॉडक्ट आधीच असतं आणि विद्यापीठ त्याला नवा वापर शोधून देतं. माझ्या मते तुमच्यापैकी अनेकांसाठी दुसरा रस्ता जवळचा आहे. तुमच्या शेल्फवर आज जी वस्तू पडून आहे, ती दुसऱ्या कोणत्या क्षेत्रात चालेल, हे कदाचित एखाद्या प्राध्यापकाला माहीत असेल. तुम्ही विचारलंच नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

आता माझी चूक ऐका

ही गोष्ट मी प्रशिक्षणात फारशी सांगत नाही. प्रशिक्षक व्हायच्या आधी भोसरीत माझं छोटं वर्कशॉप होतं. एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या सरांशी ओळख झाली. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्याने जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर बनवला होता. प्रयोगशाळेत फार छान चालायचा. सर म्हणाले, "तुम्ही बॉडी बनवा, आपण मिळून विकू." मी म्हटलं, "सर, तुमच्यासारख्या माणसाबरोबर कागद कशाला?" चहा झाला, हात मिळवले, काम सुरू.

पन्नास नग केले. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना दिले. उन्हाळाभर मस्त चालले. पहिला पावसाळा झाला आणि तीसच्या वर नग परत आले. केबल जिथून आत जाते तिथल्या ग्लँडमधून पाणी शिरलं होतं. काही नगांत तर केबलच्या आतून, तारांच्या बाजूने पाणी चढून सर्किटपर्यंत गेलं होतं. प्रयोगशाळेत त्यावर पाऊस कधी पडलाच नव्हता ना!

सर म्हणाले, सेन्सर बरोबर आहे, बॉडी चुकली. मी म्हणालो, बॉडी ड्रॉइंगप्रमाणे आहे, डिझाइन चुकलं. आज मागे वळून बघतो तेव्हा कळतं, आम्ही दोघंही बरोबर होतो आणि दोघंही चुकलो होतो. कारण "शेतात खराब झाला तर कोणी बघायचं" हे कुणीच ठरवलं नव्हतं. सर्किटमधला प्रोग्रॅम ज्या विद्यार्थ्याने लिहिला, तो नोकरीसाठी बंगळूरला गेला. त्याच्याकडचा कोड कुणाकडेच नव्हता. सरांनी सर्किटसकट शोधनिबंध आधीच छापला होता, त्यामुळे पेटंटची वाटही गेली. शेतकऱ्यांचे पैसे मी खिशातून परत केले. दोन वर्षांनी एका कृषी प्रदर्शनात जवळजवळ तसाच सेन्सर दुसऱ्या नावाने विकायला ठेवलेला बघितला. ग्लँड मात्र चांगला लावला होता.

पैसा गेला त्याचं दुःख सरलं. सरांशी बोलणं बंद झालं, ते अजून लागतं. माणूस चांगला होता.

चहाच्या आधी कागद: सहा गोष्टी

म्हणून तुम्हाला सांगतो, समोर कितीही मोठे सर असले तरी या सहा गोष्टी लिहून घ्या. कागद म्हणजे अविश्वास नाही. कागद असला की नातं टिकतं.

१. आधीचं कोणाचं, नंतरचं कोणाचं? एकत्र यायच्या आधी सरांकडे काय होतं, तुमच्याकडे काय होतं, याची यादी करा. एकत्र काम करताना जे नवीन निघेल त्याची मालकी कशी असेल ते वेगळं लिहा. अमेरिकेत १९८० च्या एका कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येते आणि ते कंपनीला परवाना देऊ शकतं. आपल्याकडे प्रत्येक संस्थेचं स्वतःचं धोरण असतं. पहिल्याच भेटीत ते मागा. संस्थेच्या जागेत, संस्थेच्या उपकरणांवर झालेलं काम बहुधा एकट्या सरांचं नसतं, संस्थेचं असतं. म्हणून सही संस्थेची हवी.

२. आधी पेटंट, मग पेपर. प्राध्यापकाला शोधनिबंध हवा असतो, ती त्यांची भाकरी आहे. अडवू नका. फक्त क्रम ठरवा. आपल्या कायद्यात तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज, आधी टाकता येतो. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची मूळ सरकारी फी १,६०० रुपये आहे. वकिलाचा खर्च वेगळा. अर्ज टाकला की सरांनी खुशाल पेपर छापावा.

३. परवाना कसला? फक्त तुम्हालाच की इतरांनाही? किती वर्षांसाठी? रॉयल्टी कशावर, कारखान्यातल्या किमतीवर की विक्री किमतीवर, जीएसटी धरून की सोडून? "टक्केवारी नंतर बघू" हे वाक्य भांडणाचं बी असतं.

४. विद्यार्थी पास झाला की काय? ड्रॉइंग, प्रोग्रॅम, चाचणीच्या वह्या दर महिन्याला दोन्हीकडे जमा व्हायला हव्यात. माणूस जातो, काम राहिलं पाहिजे.

५. बिघाड कोणाचा? ग्राहकाकडे वस्तू बिघडली तर आधी कोण बघणार, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने? आणि विकायच्या आधी कोणत्या चाचण्या करायच्या? पाण्यात बुडवणं, मिठाच्या फवाऱ्यात ठेवणं, उन्हात तापवणं. यादी करा आणि दोघांनी सही करा.

६. थांबायचं कधी? पैसे संपले, काम जमलं नाही, तर कोण काय घेऊन बाजूला होईल? लग्नाच्या वेळी घटस्फोटाचं बोलू नये म्हणतात. धंद्यात ते सगळ्यात आधी बोलायचं.

आपल्याकडे सुरुवात कुठून?

समुद्राचं म्हणाल तर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या शेजारीच आहे, गोव्यात दोना पावला इथे. संस्थेची स्थापना १९६६ ची. पण तुम्ही लगेच खोल समुद्रात उडी मारावी असं मी म्हणत नाही. मिसूलाने समुद्र निवडला, कारण त्यांच्या प्राध्यापकाचं ज्ञान त्या विषयात होतं. तुम्ही तुमच्या हाताला जे काम येतं आणि तुमच्या जवळ जो ग्राहक आहे, त्यापासून सुरुवात करा.

पालघर, रायगड, सिंधुदुर्गात कोळंबीची तळी आहेत. रात्री पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तर सकाळी तळ्यात मेलेली कोळंबी सापडते. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी कालवं आणि शिनाणे वाढवले आहेत. एमआयडीसीत प्रत्येक सांडपाणी प्रकल्पाला पीएच मीटर लागतो आणि तो वेळोवेळी तपासून द्यावा लागतो. या सगळ्यांना कमी किमतीचं, खारं पाणी सोसणारं आणि जवळ दुरुस्त होणारं यंत्र हवं आहे. सेन्सरची चिप तुम्ही बनवायची गरजच नाही. पाणी न शिरणारी बॉडी, शेवाळ पुसणारा ब्रश, तपासून देण्याची सेवा, वेळेवर मिळणारं रसायन, हे छोट्या माणसाचं काम आहे. आणि मोठी कंपनी अशा गावात सर्व्हिसला येत नाही, हा तुमचा फायदा.

संस्थेकडे जायचे साधारण तीन दरवाजे असतात. पहिला कन्सल्टन्सी: तुमची अडचण, त्यांचा सल्ला, ठरलेली फी. काम छोटं असेल तर हा बरा. दुसरा प्रायोजित प्रकल्प: तुम्ही पैसे देता, ते संशोधन करतात. आणि तिसरा तंत्रज्ञान हस्तांतरण: त्यांच्याकडे तयार असलेलं तंत्र परवान्यावर घ्यायचं. कुठला दरवाजा ठोठावताय हे आधी ठरवा, नाहीतर तुम्ही सल्ला मागायला जाता आणि ते तीन वर्षांच्या प्रकल्पाचं बजेट काढतात.

पहिला नमुना करायला पैसे नसतील तर केंद्र सरकारची निधी-प्रयास योजना बघा. ठरावीक इन्क्युबेशन केंद्रांमार्फत नमुन्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज करताना "माझी कल्पना जगात भारी आहे" असं लिहू नका. ग्राहकाचं दुखणं काय, तो आज काय करतो आणि त्यात त्याचं किती नुकसान होतं, ते लिहा. नेटार्ट्सच्या हॅचरीची गोष्ट आठवा, म्हणजे कसं लिहायचं ते कळेल.

या आठवड्याचा गृहपाठ

एक पान घ्या. मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा, मला हाताने काय चांगलं बनवता येतं. उजवीकडे लिहा, माझ्या पन्नास किलोमीटरच्या आत कोणता धंदा मोजता न आल्यामुळे नुकसान सोसतोय. कोळंबीवाला, डेअरीवाला, द्राक्षवाला, डाईंगवाला, कुणीही. दोन-तीन जणांना प्रत्यक्ष भेटा. विकायला जाऊ नका, फक्त ऐका. मग ते पान घेऊन जवळच्या सायन्स किंवा इंजिनीअरिंग कॉलेजात जा आणि ज्या सरांचा किंवा मॅडमचा तो विषय आहे त्यांना विचारा, "हे मोजता येईल का?"

हो म्हणाले तर चहा नक्की प्या. पण कागद-पेन घेऊन जा. मी नेलं नव्हतं.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काम चालू ठेवा!